पडवळाचे दगड

पडवळाच्या पानाला हात लावला की बोटांना वास लागतो. कडवट, उग्र, थोडासा ढेकणासारखा. साबणाने हात धुतले तरी जेवताना पुन्हा येतो. हा वास आवडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते माझे बाबा. परवा भाचीच्या गच्चीवर तो बोटांना लागला आणि मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसूनच राहिले. भाचीला वाटलं मला दम लागला. लिफ्टने वर आलो होतो, पण म्हाताऱ्या माणसाला दम लागलाय असं धरूनच चालतात सगळे.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी, मेधा. लालबागला जिथे आमची चाळ होती, त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये ती राहते. गच्चीवर तिने आणि शेजारणींनी मिळून निळ्या पिंपांत भाज्या लावल्यात. पिंपांना ठिबकची नळी, विकत आणलेली माती, प्रत्येक भाजीच्या नावाची पाटी. पडवळाचा वेल लोखंडी जाळीवर छान चढला होता, पण लागलेली पडवळं एकजात वेटोळी झाली होती. मेधा म्हणाली, आत्या, बघ ना, सगळी वाकडीच येतात, खत कमी पडतंय का?

खत नव्हे, दगड कमी पडत होता. पडवळ बोटाएवढं झालं की त्याच्या टोकाला दोऱ्याने दगड बांधायचा असतो. त्या ओझ्याने ते सरळ खाली वाढतं, नाहीतर आपल्याच अंगाभोवती गुंडाळत जातं. आमच्या कोकणात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी मेधाला म्हटलं, असेल, खतच असेल. कारण दगड हा शब्द त्या घरात उच्चारायची मला भीती वाटते. तिच्या दिवाणखान्यात बाबांचा हार घातलेला फोटो आहे. आमच्या आजोबांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी पोलिसांवर दगड मारले आणि तुरुंगात गेले, असं ती आल्यागेल्याला सांगते. ऐकताना माझं डोकं फिरतं. पण तिचा काय दोष? तिला तिच्या बापाने सांगितलं, आणि तिचा बाप तेव्हा रांगत होता.

चाळीची मागची भिंत आणि गिरणीची भिंत यांच्यामध्ये एक बोळ होता. सगळ्या मजल्यांच्या मोऱ्यांचे पाइप तिथे उतरायचे. लोक वरून कचरा टाकायचे, खाली घुशी नांदायच्या. बाबांनी तो बोळ साफ केला तेव्हा मी जन्मले नव्हते. मी पाहिला तो हिरवाच. जिथे कुठे पाया खणत असतील तिथून बाबा पिशवीभर माती मागून आणत, कुणी दिली नाही तर न मागता आणत. व्हिक्टोरियाच्या घोड्यांच्या तबेल्यातून लीद येई. मासे धुतलेलं पाणी आई मोरीत ओतत नसे, ते मिरच्यांना जाई. मोरीच्या तोंडाशी अळू, त्याच्यापुढे लाल माठ, चार भेंडीची झाडं, आणि दोन्ही भिंतींच्या मधे बांबू टाकून केलेल्या मांडवावर पडवळ.

गिरणीची भिंत कायम कोमट असायची. तिला पाठ लावून बसलं की आतल्या कापड विणायच्या साच्यांचा धडधडाट मणक्यात शिरायचा, आणि मांडवावरची पानंसुद्धा थरथरत असायची, वारा असो वा नसो. बाबा त्याच गिरणीत साचेवाले होते. पाळी सुटली की अंगाला तेलाचा वास आणि केसांत कापसाचा तूस घेऊन ते आधी बोळात जायचे, मग घरात. तो तूस पानांवरही बसायचा. बाबा ओल्या फडक्याने एकेक पान पुसत, पोराचं नाक पुसावं तसं. दिवेलागणीला पडवळाची फुलं उमलायची, पांढरी, कडांना बारीक झिरमिळ्या असलेली. तूस कुठला आणि फूल कुठलं हे मला लांबून कधीच कळायचं नाही.

आमच्या मजल्यावर निम्मी बिऱ्हाडं मालवण-वेंगुर्ल्याकडची. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हाताने पिकवलेलंच खायचं, म्हणून बायका सकाळपासून आईकडे वाट्या घेऊन उभ्या. एरवी बोळातून वास येतो, डास होतात, घुशी होतात म्हणून घरमालकाकडे तक्रार करणाऱ्याही त्याच. आई हसून सगळ्यांना द्यायची. बी तिचं होतं. लग्न होऊन मुंबईला येताना माहेरच्या वेलाचं बी तिने पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं, आणि दरवर्षी एक सरस पडवळ ती बियाण्याला राखायची. ते पिवळं पडायला लागलं की बाबा त्याचा दगड काढून घेत, कारण पिकत आलेल्या पडवळाला ओझं सोसत नाही. त्याला मग कुणी हातही लावायचा नाही.

आता दगड. रविवारी ओहोटी बघून बाबा मला शिवडीच्या किनाऱ्यावर न्यायचे. चिखलाचा वास, गंजलेल्या बोटी, आणि समुद्राने घासून गुळगुळीत केलेले दगड. बाबा एकेक उचलून तळहातावर तोलत. मुठीत नीट बसतो तो चांगला, असं त्यांचं माप. घरी आणून गिरणीतल्या सुताचा फास प्रत्येकाला घालून ठेवायचे. साच्यावर तुटलेला धागा ते ज्या गाठीने सांधत, तीच गाठ. अंगठा आणि दोन बोटं अशी काही फिरायची की डोळ्याला दिसायची नाहीत. लहान पडवळाला लहान दगड, वाढलं की तो काढून मोठा. संध्याकाळच्या उन्हात मांडवाखाली उभं राहिलं की डोक्यावर सगळीकडे दगड लोंबत असायचे, आणि बाबा त्यांच्यामधून मान वाकवून फिरायचे. कपाळाला टेंगूळ आलेलं मी पुष्कळदा पाहिलंय.

बोळाच्या दुसऱ्या टोकाला पलीकडच्या चाळीतल्या सोनाबाईंची वांगी होती. त्या साताऱ्याकडच्या, नवरा त्याच गिरणीत धुलाई खात्यात. पुढे दसऱ्याला त्यांच्या अख्ख्या चाळीने बुद्धाची दीक्षा घेतली. त्याआधीच्या त्या दिवसांत आमच्या मजल्यावरच्या बायका त्यांच्या हातचं काही घेत नसत, आणि हे कुणी बोलून दाखवत नसे, नुसतं होत असे. आई घ्यायची. सोनाबाई वांगी द्यायच्या, आई पडवळ द्यायची, आणि दोघी मिळून घुशींना शिव्या द्यायच्या.

चळवळीचं वारं आमच्याकडे आलं ते भिंतींवरून. डांबराने लिहिलेली अक्षरं एका रात्रीत उगवायची. सकाळी प्रभातफेरी, संध्याकाळी सभा, आणि आम्ही पोरं जिन्यात मोर्चा-मोर्चा खेळायचो. आमच्या चाळीचा पुढारी म्हणजे तळमजल्यावरचा वसंता. वीस-बावीस वर्षांचा, बोलका, गळ्यात कायम रुमाल. बाबा त्याच्याबरोबर एकदा मोर्चाला गेले होते, पण शेवटच्या रांगेत, आणि झाडांना पाणी घालायच्या वेळेला परत. मुंबई आपल्याला मिळावी असं त्यांना मनापासून वाटायचं. पण त्यांना ओरडता येत नसे. घोषणा द्यायची वेळ आली की ते नुसते ओठ हलवत, असं वसंता सगळ्यांना नक्कल करून दाखवायचा.

मग संक्रांतीच्या सुमाराला गोळीबार झाले. कुणाकुणाची नावं कानावर येत होती, मोठी माणसं आम्हाला बघून बोलणं थांबवत. कर्फ्यू लागला. गिरण्या बंद पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा ती भिंत मला गार लागली. मांडवावरची पानं हलत नव्हती. रस्त्यावरून फक्त लॉरी गेल्याचा आवाज यायचा आणि मग लांब कुठेतरी फटाके फुटल्यासारखं. ते फटाके नव्हते हे मलाही कळत होतं.

बाबा त्या दिवसांत घरी नव्हते. माहीमला त्यांची चुलतबहीण आजारी होती, तिला बघायला गेले आणि तिथेच अडकले. आई दिवसभर गॅलरीच्या कठड्याला धरून उभी असायची. मजल्यावरचं धान्य संपत आलं होतं. बाजार नाही, भाजीवाली नाही, दूध नाही. नुसता भात आणि मीठ, काही घरांत तेही मोजून. पलीकडच्या खोलीतलं बाळ रडायचं, आणि त्याची आई त्याला भाताची पेज बोटाने चाटवायची. एका सकाळी आई उठली, कोयती घेतली आणि मागच्या जिन्याने बोळात गेली. मी टोपली धरून मागे. दिवाळीच्या आधी केलेली लावण होती, मांडव अगदी भरला होता. तिने एकेक पडवळ कापायला सुरुवात केली. मोठी कापली, मधली कापली, आणि कोवळीही कापली. बाबा काय म्हणतील, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तेंका कळतला. पोरां उपाशी हत."

बियाण्याचं तेवढं राहिलं. नारिंगी झालेलं, एका कोपऱ्यात लोंबणारं.

त्या दिवशी आमच्या मजल्यावर एकच वास होता. चण्याची डाळ भिजत घालून केलेली पडवळाची भाजी, उरलासुरला खोबऱ्याचा तुकडा वाटून घातलेला. मी दारोदार वाडगे पोचवले. खाली वसंताच्या आईला, बाळाच्या आईला, कोपऱ्यातल्या एकट्या मास्तरांना, आणि बोळातून जाऊन सोनाबाईंनाही. प्रत्येक ताटात पडवळ होतं. लोकांनी आईला किती आशीर्वाद दिले. आणि सगळं आटपल्यावर आईने, तिच्या स्वभावाप्रमाणे, पडवळांवरून काढलेले दगड नळाखाली स्वच्छ धुतले, फास नीट गुंडाळले आणि घमेल्यात रचून ते घमेलं आमच्या दाराबाहेर बाकाखाली ठेवलं. नवीन पडवळं धरली की लागणारच होते.

दुसऱ्या दिवशी कर्फ्यू थोडा वेळ उठला तेव्हा बाबा माहीमहून चालत आले. दाढी वाढलेली, धोतर मळलेलं. आधी बोळातच गेले. परत आले तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते आईला एवढंच म्हणाले, "बरा केलंस." मग वाडग्यात राहिलेली भाजी त्यांनी भाताबरोबर खाल्ली.

ते हात धूत होते आणि खाली शिट्ट्या वाजल्या. सकाळी नाक्यावर दगडफेक झाली होती, एका शिपायाचं डोकं फुटलं होतं. पोलीस चाळींची झडती घेत होते. जिन्यात बुटांचे आवाज आले आणि आमच्या मजल्यावरची दारं एकापाठोपाठ एक लागत गेली. आमचं उघडं राहिलं, कारण बाबांचे हात ओले होते आणि आई भावाला घेऊन आतल्या बाजूला होती. लांब काठी घेतलेला एक अधिकारी, दोन बाहेरून आणलेले शिपाई आणि एक हवालदार. काठी बाकाखाली लागली आणि घमेलं खडखडलं.

मी आजही डोळे मिटले की ते घमेलं त्यांच्या डोळ्यांनी बघू शकते. मुठीत बसतील असे, निवडलेले, धुतलेले दगड. प्रत्येकाला दोरीचा फास, गरगर फिरवून भिरकावता येईल असा. आणि दाराशी एक माणूस, दाढी वाढलेला, कपडे धुळीने भरलेले, नुकताच बाहेरून आलेला. त्यांच्या जागी मी असते तर मलाही दुसरं काही सुचलं नसतं. पण मी त्यांच्या जागी नव्हते.

बाबांनी खरं ते सांगितलं. दगड पडवळाचे आहेत, साहेब. अधिकाऱ्याला मराठी कळत होतं की नाही कोण जाणे, तो हिंदीत बोलला, "सब्ज़ी को पत्थर बांधता है? हमको पागल समझता है?" बाबा म्हणाले, चला, दाखवतो. त्यांना वाटलं मांडव बघितला की संपलं. पुढे बाबा, मागे पोलीस, आणि मी सगळ्यांच्या मागे. बोळात मांडव रिकामा होता. नुसती पानं आणि कापलेले देठ. बाबा वर बघत उभे राहिले. थोड्या वेळापूर्वी त्यांनी तो तसाच पाहिला होता, पण कदाचित त्या क्षणापर्यंत त्यांच्या लक्षातच आलं नसेल, की दाखवायला काही उरलेलंच नाही. सगळं लोकांच्या पोटात गेलं होतं.

मग त्यांनी ते केलं. ज्या माणसाने मला पिकल्या पडवळाला बोट लावू दिलं नव्हतं, त्याने शिपायाच्या हातातल्या घमेल्यातून एक दगड उचलला आणि बियाण्याच्या पडवळाला फास घातला. असा, साहेब, असा बांधतात. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. बाबांनी दगड सोडला, आणि पडवळ मधोमध तुटून अधिकाऱ्याच्या बुटांवर पडलं. आतला लालभडक गर त्याच्या खाकी कपड्यांवर गुडघ्यापर्यंत उडाला.

शिपाई हसले. अधिकारी हसला नाही. बोळाच्या टोकावरून सोनाबाई धावत आल्या, वांग्यांच्या मधून, पदर खोचलेला. "सायेब, खरं हाय त्यांचं. पडवळाला दगड बांधत्यात. म्या डोळ्यांनी रोज बघते. आमी काल खाल्ली ती पडवळं, समद्यांनी खाल्ली, इचारा की वर." अधिकाऱ्याने वर पाहिलं. मागच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या आमच्याच चाळीच्या. एकेका खिडकीमागे माणूस आहे हे मला दिसत होतं. कुणी बोललं नाही. तळमजल्यावर वसंताच्या आईच्या खिडकीचा पडदा हलला आणि थांबला. मास्तरांची खिडकी तर उघडी होती, आणि मास्तर मान खाली घालून वाचत होते.

त्यांना मी आता माफ करावं असं मला पुष्कळांनी सांगितलंय. घरोघरी तरुण मुलं होती, गोळ्या खऱ्या होत्या, सगळं मला कळतं. पण सोनाबाईंच्याही घरात तरुण मुलगा होता. आणि तो हवालदार, त्याची बोली आमच्याच मुलखाची होती. त्याने घमेल्यातला एक दगड उचलून फासावरून अंगठा फिरवला होता. त्या माणसाने लहानपणी पडवळाला दगड बांधलेले होते, हे मी पैजेवर सांगते. त्याने तो दगड परत घमेल्यात ठेवला आणि भिंतीकडे बघत राहिला.

बाबांना घेऊन गेले. घमेलंही गेलं, पुरावा म्हणून. आई कोयती मोरीच्या कोपऱ्यात ठेवायची, तिथून तिने ती उचलली आणि घरात पलंगाखाली अगदी आत सरकवली. त्यानंतर पडवळ कापलेलं मी तिला पाहिलं नाही.

पुढचे दिवस मला वासांनी आठवतात. कोठडीबाहेरच्या भिंतीचा मुताचा वास. डब्यात गार झालेल्या भाकरीचा वास. आईच्या अंगाला येणारा, दिवसभर उन्हात उभं राहिल्याचा वास. डबा कधी आत घेत, कधी परत देत. बाबा सुटून आले तेव्हा आंबे बाजारात आले होते. ते जिना चढताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत होते. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं वाकत नव्हती. काय झालं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. गिरणीत साचा गेला. तुटलेला धागा सांधता येत नाही तो साचेवाला कसला. त्यांना झाडूवर घेतलं, तेही हातापाया पडून. ज्या खात्यात साच्यावर उभे असायचे, तिथेच खालचा तूस झाडायचे.

सोनाबाईंनी त्या दिवशी बोळातल्या मातीतून, गरातून, बी वेचून काढलं होतं. राखेत घोळवून ठेवलं होतं. जूनमध्ये त्यांनी ते आईला आणून दिलं. आईने नको म्हटलं, तर बाबांनी डाव्या हाताने घेतलं आणि लावलं. पण शिवडीला ते पुन्हा गेले नाहीत. त्या वर्षी पडवळं आली ती सगळी वाकडी, गाठी मारल्यासारखी. बाबा मांडवाखालून ताठ मानेने चालायचे आता, डोक्याला लागायला वर काही नव्हतं. मी एकदा दगड शोधून आणू का असं विचारलं, तर म्हणाले, ऱ्हवांदे.

पण मला सांगायचंय ते याहून वेगळं. बाबा सुटून आले त्या संध्याकाळीच वसंता हार घेऊन वर आला होता. ज्या दारांच्या कड्या लागल्या होत्या, ती सगळी उघडली. बायकांनी ओवाळलं. काका, तुम्ही चाळीचं नाव काढलंत, वसंता म्हणाला. बाबा म्हणाले, अरे, दगड पडवळाचे होते. सगळे हसले. वसंताने डोळा मारला आणि म्हणाला, "बरोबर, काका. असंच सांगायचं. शेवटपर्यंत बदलायचं नाही."

तिथून पुढे बाबा जितक्या वेळा खरं बोलले, तितकी त्यांची कीर्ती वाढली. पोलिसांच्या तोंडावर पडवळाची थाप मारणारा पक्का गडी, म्हणून त्यांची गोष्ट परळपर्यंत गेली. आधी पोलिसांना ती थाप वाटली होती, आता आपल्या माणसांना वाटत होती. फरक एवढाच, की पोलिसांनी मारलं आणि यांनी खांद्यावर थोपटलं. ज्यांनी ती पडवळं खाल्ली होती तेसुद्धा हसत होते. मला वाटतं त्यांना ते सोयीचंच होतं. बाबांनी खरोखरच दगड मारले असतील, तर दारं लावून बसण्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी चाळीवर पणत्या लागल्या, प्रत्येक कठड्यावर. पताका, पेढे, सनई. मैदानात स्टेज बांधलं होतं आणि बाबांना नवं धोतर नेसवून वर बसवलं होतं. वसंता आता भाषणं छान करायचा. त्याने बाबांचा उजवा हात धरून लोकांना दाखवला. हा हात, तो म्हणाला, आणि पुढचं टाळ्यांत ऐकू आलं नाही. मग बाबांना दोन शब्द बोलायला लावले. ज्या माणसाला घोषणा देता येत नसे, तो माइकपुढे उभा राहिला. त्यांनी पडवळाबद्दल सांगितलं. कोवळं असताना लहान दगड बांधायचा, मग मोठा, पिकलं की काढायचा. हळू आवाजात, एखाद्याला रीत समजावून सांगावी तसं. लोक पोट धरून हसले आणि टाळ्या थांबेनात. सोनाबाई गर्दीत मागे उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. बाबा बोलता बोलता मधेच थांबले आणि खुर्चीत जाऊन बसले. गळ्यातला हार काढायचंही त्यांना सुचलं नाही.

परवा गच्चीवरून खाली आल्यावर मेधाने चहा केला. तिच्या शेजारणी आल्या होत्या, त्यांनी फोटोकडे बघून विचारलं, आणि मेधाने नेहमीचं सांगितलं. मी बिस्किट चहात बुडवत राहिले. मी खरं सांगितलं तर काय होईल ते मला माहीत आहे. त्या हसतील, आणि म्हणतील, किती गोड होते ना आजोबा.

राज्य झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खिडकीशी चहा घेऊन बसले होते. बशी डाव्या हातात धरायची सवय त्यांना आता झाली होती. आई कठड्यावरच्या विझलेल्या पणत्या गोळा करून आणत होती, तेलाचे हात पुसत होती. बराच वेळ ती त्यांच्याकडे पाठ करून काहीबाही आवरत राहिली. मग न वळता तिने विचारलं, अगदी सहज विचारावं तसं.

"खरा सांगा हां. तुमी मारलात काय धोंडो?"

आईने विचारलं हे. जिने स्वतःच्या हाताने एकेका पडवळावरून तो फास काढला होता, दगड धुतले होते, घमेल्यात रचले होते, तिने. चार वर्षं हार, ओवाळणी, टाळ्या ऐकून ऐकून तिलाही कळेनासं झालं होतं. किंवा तिला कदाचित तेच उत्तर हवं होतं, म्हणजे त्या दिवशी तिच्या कोयतीने काही बिघडलं नव्हतं असं तिला म्हणता आलं असतं. मी भावाचे केस विंचरत होते, माझा हात थांबला.

बाबांनी बशी खाली ठेवली. रागावतील असं मला वाटलं, पण ते रागावले नाहीत. त्यांनी तिच्या पाठीकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे.

"नाय," ते म्हणाले. "पण येक तरी मारूक व्हयो होतो."